हँडल ते बूस्टर

हर्णै बंदरात मी इंजिनं दुरुस्त करायला लागलो, तेव्हा लहान होड्यांवर बॅटरी नसायचीच. असायचं ते लोखंडी हँडल. खटका उचलून सिलिंडरमधला दाब सोडायचा, हँडल गरागरा फिरवायचं आणि चाकाला वेग आला की खटका पाडायचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे वस्ताद सगळ्यात आधी शिकवायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट गेलंच.

शिसं-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या प्लाँतेने १८५९ मध्येच बनवली होती. अमेरिकेच्या केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत आला. आमच्या नाखवांना त्याची गरज पटली ती मोठी इंजिनं हाताला आवरेनाशी झाल्यावर.

मग नवं दुखणं सुरू झालं. जून-जुलै मासेमारी बंद, पडून राहिलेली बॅटरी ऑगस्टात नुसती टकटक करते. पूर्वी शेजारच्या होडीवरची बॅटरी खांद्यावरून आणायचो; सांडलेल्या आम्लाने सदऱ्याला भोकं पडायची. आता उतरलेल्या बॅटरीला जोर देणारा चार्जिंगचा बूस्टर पिशवीत मावतो. पण स्वस्तातला, पेट्रोल मोटारीपुरता बूस्टर डिझेलपुढे मान टाकतो, आणि २४ व्होल्टच्या ट्रॉलरला १२ चा चालतच नाही.

नाखवांनो, बूस्टर केबिनच्या उन्हात ठेवू नका, दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा, चिमट्यांवरचं मीठ पुसा. काळा चिमटा शेवटी लावायचा, तोही बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.