तंतू, वीण आणि परिधानसुख : जालना परिसराच्या वस्त्रेतिहासाची एक बाजू

मराठवाड्याच्या वस्त्रपरंपरेविषयी जे लेखन झाले आहे, त्यात नक्षी, जर आणि राजाश्रय यांना मोठे स्थान मिळाले. वस्त्र अंगाला कसे लागते, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहिला. वस्तुतः एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे नेणाऱ्या या प्रदेशात तो गौण असणे शक्य नव्हते. प्रस्तुत लेखात जालना व परिसराच्या संदर्भात याच प्रश्नाचा विचार केला आहे.

कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर जुना व नवीन जालना वसलेला आहे. तेथून सुमारे 60 किलोमीटरांवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. तेथील मशरू हे या विषयाचे उत्तम उदाहरण होय. 'मशरू' या अरबी मूळच्या शब्दाचा अर्थ 'धर्मसंमत' असा आहे. मुस्लिम पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, या धर्मनियमातून विणकराने मार्ग काढला. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटीनची. त्यामुळे रेशीम दर्शनी बाजूस येते व त्वचेला सूत लागते. नियमाचे पालन झालेच, शिवाय घाम टिपणारा थर नेमका हवा तेथे आला. हिमरूत सुती पोतावर रेशमी जादा बाण्याने नक्षी उठवतात. मागच्या बाजूस सुटे राहिलेले धागे कापडाला मऊ अस्तरासारखा स्पर्श देतात. या दोन्ही कापडांचे सुख केवळ तंतूत नाही. कोणता धागा कोणत्या बाजूस यावा, या निर्णयात ते आहे.

अंगालगतच्या थराचा हाच प्रश्न होजिअरीने निराळ्या रीतीने सोडवला. विल्यम ली याने 1589 मध्ये इंग्लंडात मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. या विणीत ताणा-बाणा नसतो. एकच धागा फासात फास अडकवत जातो. फास ताणला जातो आणि पुन्हा मिटतो, म्हणून कापड हालचालीला अडवत नाही. फासांमधील स्थिर हवा ऊब धरते; मात्र वीण विरळ असेल आणि वारा लागला, तर तेच कापड थंड वाटते. साध्या जर्सी विणीचे कापड हलके, रिब विणीचे आडवे अधिक ताणणारे, तर इंटरलॉकचे जाड व गुळगुळीत असते. मराठीतील 'गंजीफ्रॉक' हा शब्द इंग्लिश खाडीतील गर्न्झी बेटाच्या नावावरून आला असे मानतात. तेथील कोळ्यांचा लोकरी अंगरखा उष्ण देशात येऊन सुती झाला. नाव टिकले आणि तंतू बदलला, हे येथे लक्षणीय आहे.

हा बदल सकारण होता. 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेत कापूस कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. तथापि सुती गंजी सर्वगुणसंपन्न नाही. घामाने चिंब झाल्यावर ती अंगाला चिकटते व सावकाश वाळते.

होजिअरीला कमी पिळाचे, एकसारखे सूत लागते आणि त्यासाठी लांब व बारीक तंतू सोयीचा असतो. मराठवाड्याचा देशी गावरानी कापूस तुलनेने आखूड व जाड. त्याचे भरड सूत मागावरच्या जाडसर कापडाला योग्य. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. पुढे 1970 मध्ये सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी विकसित केलेले एच-4 हे संकरित वाण आले. 2002 मध्ये महिकोच्या बीटी वाणांना मान्यता मिळाली आणि लांब धाग्याच्या अमेरिकन जातीच्या कापसाने शिवार व्यापले. हे परिवर्तन वस्त्र नेसणाऱ्याच्या सुखासाठी झाले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. उत्पादन, भाव आणि गिरणीची मागणी हीच त्याची कारणे होत. बियाणे जालन्याचे असले, तरी बनियनचे मोठे केंद्र तामिळनाडूतील तिरुप्पूर येथे उभे राहिले.

मोंढ्यात कापसाची प्रत धाग्याच्या लांबीवर, कचऱ्यावर आणि ओलाव्यावर ठरते. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांहून अधिक ओलावा आढळल्यास दर कापला जातो आणि 12 टक्क्यांपुढे माल नाकारतात. पाण्याचे पैसे कोणी का द्यावेत, हा खरेदीदाराचा युक्तिवाद रास्तच आहे. पण ज्या गुणामुळे गंजी उन्हाळ्यात सुसह्य होते, तोच गुण दिवाळीच्या सुमारास ओली बोंडे वेचणाऱ्या शेतकऱ्याच्या पट्टीत तूट म्हणून लिहिला जातो.