दोन डॉलरची शांतता : कोडेखेळांत जाहिरात कशी शिरली?

१/ मन निववण्यासाठी मोबाइलवर कोडेखेळ उघडावा आणि डाव रंगात येताच पडदाभर जाहिरात यावी, हा अनुभव आज सार्वत्रिक आहे. ही घुसखोरी कशी रुजली, हे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील एका प्रकरणावरून स्पष्ट दिसते. त्या प्रकरणाचा हा धागा.

२/ आधी पार्श्वभूमी. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' रचला. १९९७ मध्ये नोकिया ६११० या फोनमध्ये 'स्नेक' आला. पाश्चात्त्य बाजारात टेट्रिस विकत घ्यावा लागे, तर स्नेक फोनसोबतच मिळे. दोन्हीकडे ग्राहक एकच होता : खेळणारा.

३/ १० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर उघडले. पुढच्याच वर्षी गूगलने मोबाइल जाहिरातींच्या व्यवसायातील 'ॲडमॉब' ही कंपनी ७५ कोटी डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले. फुकट ॲपच्या पडद्यावरील जागेला आता बाजारभाव आला होता.

४/ फेब्रुवारी २०१४. आशेर व्होल्मर आणि ग्रेग वोलवेंड यांचा 'थ्रीज' प्रसिद्ध झाला. चार बाय चारची चौकट. १ आणि २ मिळून ३, पुढे समान अंकांची जोडी. इतक्या साध्या नियमांमागे सुमारे १४ महिन्यांचे श्रम होते. किंमत १.९९ डॉलर, जाहिरात एकही नाही.

५/ काही आठवड्यांतच '१०२४' नावाची फुकट प्रतिकृती आली. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या इटालियन तरुणाने एका सप्ताहान्तात '२०४८' लिहिला आणि त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. त्यात कमाईचा हेतू नव्हता.

६/ हेतू इतरांचा होता. 'केचॅप' या फ्रेंच प्रकाशकाने २०४८ चे फुकट, जाहिरातयुक्त ॲप आणले आणि ते डाउनलोडच्या यादीत झपाट्याने वर चढले. कायदाही आड येत नव्हता : स्वामित्वहक्क चित्र, संगीत आणि कोड यांना मिळतो, खेळाच्या नियमांना नाही.

७/ थ्रीजच्या कर्त्यांनी आपला आपसांतील दीर्घ पत्रव्यवहार प्रसिद्ध करून निर्मितीचे कष्ट जगासमोर मांडले. तरी प्रवाह उलटला नाही. २०१५ मध्ये खुद्द थ्रीजची फुकट आवृत्ती आली. तिच्यात आणखी डाव हवे असल्यास जाहिरातीचा व्हिडिओ पाहावा लागे.

८/ येथे व्यवहार बदलला. आता ग्राहक जाहिरातदार झाला आणि विक्रीचा माल खेळणाऱ्याचे लक्ष. म्हणूनच जाहिरात डावाच्या सांध्यावर येते : लक्ष पूर्ण गुंतलेले असते आणि पुढच्या डावाची ओढ खेळ सोडू देत नाही. फुलीचे चिन्ह बारीक असले, तर बोट चुकून जाहिरातीवरच पडते.

९/ निर्बंध उशिरा आले. सप्टेंबर २०२२ अखेरपासून गूगल प्लेने खेळाची पातळी सुरू होताना अनपेक्षितपणे येणाऱ्या पडदाभर जाहिरातींना मनाई केली. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ 'डार्क पॅटर्न' नोंदवले गेले. वारंवार तगादा लावणे आणि जाहिरात छुप्या रूपात दाखवणे हे त्यांतलेच. मात्र बक्षिसाच्या मोबदल्यात खेळाडू स्वतःहून पाहतो त्या जाहिरातींना गूगलच्या नियमातून सूट आहे.

१०/ थ्रीज आणि २०४८ या दोन चौकटी शेजारी ठेवल्या, तर एका पिढीची निवड दिसते. दोन डॉलर द्यायचे आपण टाळले. ती रक्कम आजही आपण काही सेकंदांच्या हप्त्यांनी फेडत आहोत.