देवगिरीचा हिशेबनीस आणि ५०४० ताना

पीएच.डी.च्या सिनॉप्सिससाठी ‘संगीत आणि गणिती क्षमता यांचा संबंध’ हा विषय अनेकांना खुणावतो. विषय छानच आहे. त्यात भारतीय संदर्भ हवा म्हणून तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाचं नाव घेतलं जातं. युक्तिवाद साधारण असा असतो: तो संगीताचा जाणकार होता, पेशाने हिशेबनीस होता, त्याच्या ग्रंथात परम्युटेशनचं गणित आहे, म्हणजे संगीताने गणित पक्कं होतं हे आपल्याकडे तेव्हाच माहीत होतं. यातल्या पहिल्या तीन गोष्टी खऱ्या आहेत, पण चौथी त्यांच्यातून निघत नाही. का निघत नाही हे कळायला त्याचा तक्ता उघडावा लागतो. तो उघडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात.

आधी माणूस पाहू. घराणं मूळचं काश्मीरचं. आजोबा भास्कर दक्षिणेत आले (हे ‘लीलावती’वाले भास्कराचार्य नव्हेत, नावामुळे गफलत होते). वडील सोढल यादवांच्या दरबारी होते. स्वतः शार्ङ्गदेव देवगिरीला राजा सिंघणाच्या काळात श्रीकरण खात्याचा प्रमुख होता. श्रीकरण म्हणजे राज्याचं लिखापढीचं आणि हिशेबाचं खातं. पुढे हेमाडपंतांकडे तेच आलं, त्यावरून पदाचं वजन लक्षात येईल. ही नोकरी करणाऱ्या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ग्रंथाचे सात अध्याय आहेत, स्वरापासून नृत्यापर्यंत. वैद्यकही त्याला येत होतं, आणि पहिल्या अध्यायात स्वरांच्या आधी गर्भ कसा वाढतो याचंच वर्णन येतं.

याच पहिल्या अध्यायात कूटतानांचा भाग आहे. सा रे ग म प ध नी हा सरळ क्रम मोडून स्वर मांडले की कूटतान होते. सातही स्वर प्रत्येकी एकदाच घ्यायचे तर सरळ क्रम धरून ७ × ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ५०४० मांडण्या होतात. एक मांडणी म्हणायला पाच सेकंद धरले तरी सगळ्या संपायला सलग सात तास लागतील. अर्थात त्या सगळ्या कोणी गात बसत नव्हतं. प्रश्न होता तो त्या लिहायच्या कशा याचा, म्हणजे एकही सुटणार नाही आणि एकही दुबार येणार नाही. त्यासाठी ठरवलेली ओळवार मांडणी म्हणजे प्रस्तार. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सा रे ग, रे सा ग, सा ग रे, ग सा रे, रे ग सा, ग रे सा. शेवटच्या स्वराकडे पाहा. आधी दोनदा ग, मग दोनदा रे, मग दोनदा सा.

प्रस्तार ठरला की दोन प्रश्न उभे राहतात. ओळीचा क्रमांक माहीत आहे पण ओळ पुसली गेली, तर तान कोणती? याला म्हणायचं ‘नष्ट’. आणि उलट, तान समोर आहे, ती कितव्या ओळीत येते? याला म्हणायचं ‘उद्दिष्ट’. (सिनॉप्सिसमधल्या ‘उद्दिष्टे’ या मथळ्याशी याचा संबंध नाही, पण हा शब्द पहिल्यांदा वाचताना हसू येतंच.)

दोन्हींचं उत्तर शार्ङ्गदेव एका तक्त्यातून देतो. त्याला तो खंडमेरू म्हणतो. पहिल्या स्तंभात १. दुसऱ्यात ०, १. तिसऱ्यात ०, २, ४. चौथ्यात ०, ६, १२, १८. असंच पुढे सातव्यापर्यंत. या घरांवर खडे ठेवत जायचं.

एक उदाहरण करून बघू. चार स्वर घ्या, सा रे ग म, आणि तान घ्या ‘रे म सा ग’. शेवटचा स्वर ग. सरळ क्रमात मागून मोजलं तर म पहिला, ग दुसरा. म्हणून चौथ्या स्तंभातलं दुसरं घर, ६. आता ग बाजूला ठेवा. उरले सा रे म, आणि तानेत उरलं ‘रे म सा’. शेवटचा सा, मागून मोजल्यावर तिसरा. म्हणून तिसऱ्या स्तंभातलं तिसरं घर, ४. सा काढला. उरलं ‘रे म’, शेवटचा म, मागून पहिला, म्हणून ०. पहिल्या स्तंभातला १ मिळवला की ६ + ४ + ० + १ = ११. तान अकराव्या ओळीत आहे. खात्री वाटत नसेल तर चोवीस ओळी लिहून काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता लक्षात घ्या, हे करताना तुम्हाला सुराचं ज्ञान लागलं का? ‘सा रे ग म’च्या जागी ‘क ख ग घ’ लिहिलं तरी उत्तर तेच. आणि गणिताची खास बुद्धी तरी लागली का? बेरीज येत असली की पुरे. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. खंडमेरू ज्यांच्याकडे विलक्षण क्षमता आहे अशांसाठी केलेला नाही. ५०४० ओळी डोक्यात ठेवणं कोणालाच जमणार नाही हे गृहीत धरून ते काम तक्त्यावर आणि खड्यांवर सोपवलेलं आहे. श्रीकरणाच्या खात्यातल्या माणसाला ही वृत्ती अगदी शोभते, पण हा माझा अंदाज झाला, पुरावा नव्हे. ग्रंथ आपल्याला पद्धत सांगतो. लिहिणाऱ्याच्या मेंदूत काय चाललं होतं ते सांगत नाही.

शिवाय ही पद्धत गाण्यातून उगवलेली नाही. प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट हे शब्द छंदशास्त्राचे आहेत, पिंगलापासूनचे. लघु एका मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा, तर ठरावीक मात्रांची वृत्तं किती, हा तिथला प्रश्न. विरहांक आणि हेमचंद्र यांनी त्याचं उत्तर दिलं: १, २, ३, ५, ८, १३, प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. शार्ङ्गदेव तालाच्या अध्यायात हाच प्रश्न द्रुत, लघु, गुरू, प्लुत या चार अंगांसाठी विचारतो. द्रुत १ धरला तर बाकीचे २, ४, ६. मग आकडे येतात १, २, ३, ६, १०, १९, ३३. साचा कवितेचा, भरलेला माल संगीताचा.

‘क्षमता’ हा शब्द दुसऱ्याच घरातून आलाय, मानसशास्त्राच्या. तिथेही तो सहज सैल होतो. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या गाजलेल्या प्रयोगात ३६ कॉलेजविद्यार्थी होते. मोत्सार्ट ऐकल्यावर अवकाशीय तर्काच्या चाचणीत त्यांचे गुण वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला. त्यात गणिताची परीक्षा नव्हती आणि लहान मुलंही नव्हती. २०११ च्या एका अमेरिकी पाहणीने प्रश्न नीट मांडला: गणितातले डॉक्टरेटवाले अधिक संगीतप्रेमी असतात का, तर कोणापेक्षा? तुलनेला भाषा-साहित्यातले डॉक्टरेटवाले घेतले. दोन्ही गटांच्या स्वतःबद्दलच्या उत्तरांत गणितवाले पुढे निघाले नाहीत.

हाच ‘कोणापेक्षा’ शार्ङ्गदेवालाही लावा. त्याच खात्यात पुढे बसलेल्या हेमाडपंतांनी धर्मशास्त्रावर आणि आयुर्वेदावर लिहिलं. खात्यामुळे माणूस संगीताकडे वळतो म्हणायचं, तर हा शेजारचाच दाखला आड येतो.

मग विषय सोडून द्यायचा का? मुळीच नाही, प्रश्न बदलायचा. ‘लीलावती’ ११५० ची. तिच्या शेवटी अंकपाश आहे, मांडण्या किती होतात ते त्यात सांगितलंय, पण नष्ट-उद्दिष्ट नाही. सिंघणाच्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आणि १३५६ मध्ये नारायण पंडित ‘गणितकौमुदी’त नष्ट-उद्दिष्ट गणिताच्या भाषेत मांडतो, खंडमेरूसकट. म्हणजे आधी हिशेबनिसाच्या संगीतग्रंथात, मग गणितज्ञाच्या पुस्तकात. पद्धत या शास्त्रांतून त्या शास्त्रात कशी गेली, उदाहरणं कोणती बदलली, कोणती परिभाषा तशीच राहिली, याची उत्तरं ग्रंथांतच आहेत. त्यासाठी कुणाच्या क्षमतेचा अंदाज बांधावा लागत नाही.

‘संगीतरत्नाकर’ कल्लिनाथाच्या टीकेसह पुण्याच्या आनंदाश्रमाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापला. जुन्या ग्रंथालयात प्रत मिळाली तर पहिल्या अध्यायापासून सुरू करा, आणि जवळ चार खडे असू द्या. ‘ग म रे सा’ची ओळ २३ यायला हवी.