शरीर कोणाचे, औषध कोणाचे?

तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत काही वर्षांपूर्वी मी एका आजारी वृद्धेला भेटावयास गेलो होतो. अंगावरून जाण्याचे दुखणे तिने दोन वर्षे कोणापाशी बोलून दाखविले नव्हते. अखेर सुनेच्या ते ध्यानात आले. दोघी एसटीने वेल्ह्यास आल्या आणि तेथून पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात गेल्या. गर्भाशयमुखाचा कर्करोग पुष्कळ पुढे गेला होता. तेथील तरुण डॉक्टर तिच्यावर खेकसला, "इतके दिवस काय करत होता?" हे मला सांगताना म्हातारी म्हणाली, "फादर, त्यानं इचारलं ते खरंच हाय. पर इतकी वर्सं आमाला तरी कुनी येऊन इचारलं?" पुढचा पावसाळा तिने पाहिला नाही.

तिचा तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी जुने-नवे ग्रंथ चाळू लागलो. कोणत्या माणसाच्या शरीराला किती किंमत द्यावयाची, हे वैद्यकाच्या इतिहासात पुष्कळदा त्याच्या वर्णावरून, जातीवरून आणि गावावरून ठरत आले आहे. त्यातील एक मोठे प्रकरण आपल्याच पुणे जिल्ह्यात घडले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि लवकरच ती पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड हे सनदी अधिकारी आले. घरोघरच्या तपासणीसाठी त्यांनी गोरे सैनिक नेमले, कारण या कामी देशी माणसांवर विसंबता येणार नाही अशी त्यांची धारणा होती. सैनिक स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत. स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाल्याच्या तक्रारी झाल्या. रोगी रुग्णालयात आणि घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, अशी ताटातूट होई. रोग भयंकर होता आणि विलगीकरण आवश्यक होते, हे आपण नाकारू नये. प्रश्न रीतीचा होता. ज्याच्यावर उपचार करावयाचे, त्याच्याशी बोलण्याची गरजच सरकारला वाटली नाही. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकर बंधूंची ती कथा आपण शाळेत वाचली आहे.

त्याच वर्षीच्या दोन स्त्रियांची आठवण मात्र त्या मानाने कमी काढली जाते. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयाच्या कारभारावर, विशेषतः तेथील स्त्रियांच्या स्थितीवर, उघड टीका केली. ख्रिस्ती झालेली बाई सरकारची बाजू घेईल असे ज्यांना वाटत होते, त्यांचा तो अंदाज साफ चुकला. ही तक्रार ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली. दुसऱ्या सावित्रीबाई फुले. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे समजताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलाला घेऊन जाणाऱ्या त्या माउलीलाच रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सरकारी व्यवस्थेने रोग्याला उचलून नेले आणि सावित्रीबाईंनीही उचलूनच नेले. परंतु या दोन उचलण्यांत केवढे अंतर आहे!

याच काळात मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन प्लेगवरील लस सिद्ध करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला असता तेथील कैद्यांना ती देण्यात आली. काहींना टोचले, काहींना टोचले नाही, आणि दोन्ही गटांची तुलना झाली. टोचलेल्यांत रोगी आणि मृत्यू कमी आढळले. कैदी स्वेच्छेने पुढे आले, असे म्हटले जाते. तुरुंगाच्या भिंतीआड स्वेच्छा कितपत उरते, हा प्रश्न गुरुविद्यालयात नीतिशास्त्र शिकताना आम्हांलाही पडत असे. तरी हाफकिन यांच्या बाजूने एवढे म्हणावयास हवे की लस उपयोगी पडते की नाही हे तेव्हा खरोखरच कोणाला ठाऊक नव्हते आणि पहिली सुई त्यांनी स्वतःच्या अंगात खुपसली होती. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली आणि सारा दोष हाफकिन यांच्यावर आला. ते निर्दोष असल्याचे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. ते ज्यू होते. गोऱ्या साहेबांच्या वर्तुळात तेही परकेच होते.

अमेरिकेतील टस्कीगीची हकिकत याहून काळीकुट्ट आहे. १९३२ पासून ३९९ कृष्णवर्णीय उपदंशग्रस्त पुरुषांना उपचार न देता केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हाती आले, तरी ते त्यांना दिले गेले नाही. हे प्रकरण १९७२ साली उघडकीस येऊन थांबले.

"ते तिकडे झाले" असे म्हणून आपणांस सुटता येत नाही. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँची आंतरराष्ट्रीय संस्था त्यात होत्या. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गावांनुसार चार गट पाडण्यात आले. तिघांना वेगवेगळ्या तपासण्या देण्यात आल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा मिळाली, तपासणी मिळाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने मृत्यू पावल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात ६४.

या संशोधनाने जगाला मोठा लाभ झाला, हे मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात, हे बार्शी-उस्मानाबादच्या बायांमुळे सिद्ध झाले. परंतु चौथ्या गटाचे काय? पाश्चात्त्य देशांत पेशींची तपासणी कित्येक दशके रूढ होती. तेथे हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजण्यास कोणी संमती दिली नसती. भारतातील अशा तीन अभ्यासांच्या तपासणी न झालेल्या गटांत मिळून २५४ स्त्रिया या रोगाने गेल्या, असे अमेरिकेतील डॉ. एरिक सुबा यांनी २०१४ साली एका भारतीय नियतकालिकात दाखवून दिले. संशोधकांचे उत्तर असे की भारतात प्रचलित उपचारच तपासणीविना होता. म्हणून त्या स्त्रियांचे काही हिरावून घेतले गेले नाही.

मला हे उत्तर पटत नाही. जेथे काहीच पोहोचले नाही, तेथे काहीच न देणे हाच नियम ठरतो, आणि गरिबाचे दारिद्र्यच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाते. १८९७ साली निदान लशीचा गुण अज्ञात होता. भायखळ्यात आणि उस्मानाबादेत हा फरक आहे. आमच्या भोर-वेल्ह्यात कोणी तसा अभ्यास केला नाही. पण या डोंगरात आजही रेल्वे नाही, पावसाळ्यात कित्येक वाड्यांवरून रोग्याला झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. येथला "प्रचलित उपचार" कोणता म्हणावा?

ही विषमता मोजमापाच्या साधनांतही शिरलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच छायाचित्रे 'लॅन्सेट'मध्ये छापली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. गोऱ्या शरीरांवर बेतलेले माप आपल्याला लावले, तर मधुमेहाच्या वाटेवरचा माणूसही निरोगी ठरतो.

२०२० च्या सप्टेंबरात कोरोनाच्या सर्वेक्षणासाठी आशाताई वाडीवाडीवर आल्या. बोटाला लावायची प्राणवायू मोजणारी क्लिप त्यांच्यापाशी होती. उन्हातान्हात भातखाचरे कसून रापलेल्या एका आजोबांच्या बोटाला ती लावली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. आकडा ९४ आला. आजोबांनी विचारले, "म्हंजी पास का?" आम्ही हसलो. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले की हे यंत्र त्वचेतून प्रकाश पाठवीत असल्याने काळ्या त्वचेवर फसते. यंत्रात आकडा ठीक दिसत असताना रक्तातील प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. आजोबा त्या साथीतून वाचले. ती क्लिप अजून आशाताईंच्या पिशवीत आहे.