ताप उतरला होता

हा घटनाक्रम कुणा एका मुलीचा नाही. धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर तो कसा घडू शकतो, एवढंच इथे मांडलं आहे. वय सात, आजार रक्ताचा कर्करोग, केमोला दहा दिवस झालेले.

रात्री १०. पोरीने ताट बाजूला सारलं. तोंड आलंय, गिळवत नाही. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तळाला जातात त्या याच दिवसांत. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, रोज नव्या लागतात, आणि औषधाने अस्थिमज्जेचं काम थांबवलेलं. मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की धोका वाढतो, १०० च्या खाली फारच. जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या नोंदींवरून हे नातं १९६६ मध्येच दाखवलं होतं.

११.३०. ताप १०१.२. वडील खव्याच्या भट्टीवर. आई पॅरासिटामॉल पाजते.

रात्री १. ताप ९९. घराला हायसं वाटतं. माझ्या मते सगळ्यात घातक तास हाच. उतरला तो ताप. तोंडातल्या फोडांतून, आतड्याच्या सोलवटलेल्या अस्तरातून रक्तात शिरलेले जंतू आहेत तिथेच आहेत. घशात पू नाही, पण पू मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच असतो; पेशीच नाहीत तर पू कुठून येणार? न्यूमोनिया असूनही एक्स-रे साफ दिसू शकतो. त्यात स्टेरॉइड चालू असेल तर ताप चढेलच असंही नाही.

पहाटे ४. हुडहुडी. तळवे गार, लघवी नाही. आजी तुळजाभवानीचा अंगारा लावते. लावू दे. घात करतं ते ‘उजाडल्यावर बघू’.

६.३०. गावातला दवाखाना. ‘व्हायरल आहे’ म्हणून कमरेत सुई. केमोची फाइल घरी पेटीत. प्लेटलेट कमी असताना स्नायूत सुई दिली की आत रक्त साकळू शकतं; केमो चालू आहे का, हे विचारायला कुणाला सुचत नाही.

९.१५. गाडी बार्शीच्या रस्त्याला. पोर हाकेला ओ देत नाही. मुलांमध्ये रक्तदाब अगदी शेवटी कोसळतो. तो कोसळला म्हणजे शॉक बराच पुढे गेलेला असतो.

साडेअकरालाच निघाले असते, तर दारातच रक्ताचं कल्चर घेऊन, रिपोर्टची वाट न पाहता, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं असतं. रिपोर्टसाठी न थांबण्याची ही रीत १९७१ पासून वैद्यकाला ठाऊक आहे.

तुमच्या घरात असं मूल असेल तर थर्मामीटर आणि फाइल उशाशी ठेवा. ताप एकदा १०१ झाला, किंवा १००.४ तासभर टिकला, की रात्र असली तरी आधी उपचाराच्या दवाखान्यात फोन, मग १०८. दारात पहिलं वाक्य एवढंच: ‘केमो चालू आहे.’