नकाशा हरवला, धुरे शाबूत : डिस्कच्या वाटणीचा इतिहास

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या परिसरात धानाची शेती आहे. तिथल्या जमिनीच्या वाटणीची नोंद दोन ठिकाणी असते. एक पटवाऱ्याच्या दप्तरात, नकाशा आणि सातबारा यांच्या रूपाने. दुसरी प्रत्यक्ष शेतात, बांध्यांभोवतीच्या धुऱ्यांच्या रूपाने. उद्या दप्तराला वाळवी लागली म्हणून धुरे नाहीसे होत नाहीत. धुरे मोजून नकाशा पुन्हा तयार करता येतो.

संगणकाच्या डिस्कचेही असेच आहे. जुन्या सर्व्हरमधून डिस्क काढून नव्यात बसवल्या आणि पडद्यावर 'पार्टिशन सापडत नाही' असे दिसले, तर पुष्कळदा दप्तर हरवलेले असते, शेत नव्हे. हा फरक ध्यानात न आल्यामुळे शाबूत असलेली माहितीही घाईने पुसली जाते.

उपमा जमिनीची घेतली, त्यालाही कारण आहे. केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रीत्या सुरू केली. त्यांत विदर्भातला वर्धा जिल्हा होता. आता सातबारा सर्व्हरमधूनच मिळतो. शेताचे दप्तर डिस्कवर गेले. आणि त्या डिस्कला तिचे स्वतःचे एक दप्तर असते. ते कसे घडत गेले ते पाहू.

मार्च १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने १० मेगाबाइटची डिस्क असलेला 'पीसी एक्सटी' हा संगणक बाजारात आणला. एकाच डिस्कवर दोन वेगळ्या कार्यप्रणाली ठेवता याव्यात म्हणून तिचे भाग पाडण्याची सोय करण्यात आली. डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरांत विभागलेली असते. पहिल्या सेक्टरात ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीला, ६४ बाइट वाटणीच्या सारणीला आणि शेवटचे २ बाइट ओळखीच्या शिक्क्याला दिले गेले. बेरीज बरोबर ५१२ होते. सारणीत १६ बाइटची एक, अशा चारच नोंदी. भाग कोणत्या प्रकारचा, कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, हे प्रत्येक नोंदीत असते. या ६४ बाइटांवर सगळ्या डिस्कची ओळख अवलंबून राहिली.

पुढे वाटणी सोयीची न राहता सक्तीची झाली. त्या वेळच्या डॉस प्रणालीत एका भागातले सेक्टर मोजायला १६ बिटांचा अंक होता. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ सेक्टर. त्यांना ५१२ ने गुणले की ३२ मेगाबाइट होतात. डिस्क त्याहून मोठी असेल, तर तिचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

डिस्क हलवल्यावर पार्टिशन दिसेनासे होण्याचा प्रकार १९९० च्या दशकात चांगलाच परिचयाचा झाला. तेव्हा सेक्टरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन अंकांनी देत. १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर या मर्यादांमुळे डिस्क सुमारे ५२८ दशलक्ष बाइटपर्यंतच वापरता येई. त्यापुढे जाण्यासाठी संगणक हेडची संख्या वाढवून आणि सिलिंडरची कमी करून सांगू लागले. पण हा हिशेब सगळे संगणक एकाच रीतीने करीत नसत. एका संगणकात लिहिलेला पत्ता दुसऱ्यात गेला, की भलत्याच जागी बोट दाखवी. डिस्कवरचा एकही बाइट बदललेला नसे. वाचणाऱ्याचे माप बदललेले असे.

जमीन मोजणीतही हे घडू शकते. गुंठ्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे, तर गंटर यांची साखळी ६६ फुटांची. कागदावर नुसते 'दहा साखळ्या' लिहिले, तर धुरा नेमका कोठे घालायचा?

सिलिंडर-हेडचे पत्ते गेले आणि सेक्टरांना सरळ क्रमांक मिळाले, तरी मापाचा प्रश्न उरलाच. २०१० च्या सुमारास ४,०९६ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्क प्रचारात आल्या. समजा, नोंद सांगते की भाग २,०४८ व्या सेक्टरपासून सुरू होतो. सेक्टर ५१२ बाइटचा मानला, तर ही जागा १०,४८,५७६ व्या बाइटवर येते. ४,०९६ चा मानला, तर ८३,८८,६०८ वर. काही बाह्य डिस्कपेट्या आतल्या डिस्कचे सेक्टर मोठे असल्याचे संगणकाला भासवतात. अशा पेटीतली डिस्क काढून थेट सर्व्हरमध्ये बसवली, की पार्टिशन 'हरवते'.

जुन्या सारणीतल्या ३२ बिटांच्या अंकाने ५१२ बाइटच्या सेक्टरांत सुमारे २.२ लाख कोटी बाइटच मोजता येतात. त्यावर उपाय म्हणून जीपीटी ही नवी सारणी आली. तिच्यात साधारणतः १२८ नोंदी मावतात, चूक ओळखण्यासाठी तपास-अंक असतो आणि सारणीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. दप्तराची प्रत गावाबाहेर ठेवावी, तसाच हा शहाणपणा आहे.

दोन्ही प्रती गेल्या तर? मग धुरे शोधायचे. लिनक्सच्या एक्स्ट प्रणालीत प्रत्येक भागाच्या आरंभापासून १,०२४ बाइटवर 'सुपरब्लॉक' असतो. त्यात ठरावीक खूण आणि भागाची लांबी लिहिलेली असते. विंडोजची एनटीएफएस प्रणाली आपल्या पहिल्या सेक्टरची प्रत भागाच्या शेवटच्या सेक्टरात ठेवते. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी १९९८ पासून विकसित केलेली 'टेस्टडिस्क' ही मोफत आज्ञावली अशा खुणा शोधते आणि त्यांवरून सारणी नव्याने मांडते.

सर्व्हरमध्ये आणखी एक गुंता असतो. रेड पद्धतीत एकाच फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर ओळीने पसरलेले असू शकतात. तेव्हा डिस्कचा क्रम आणि तुकड्याचा आकार कळल्याशिवाय धुरेही जुळत नाहीत. अशा वेळी नवा सर्व्हर 'डिस्क नव्याने तयार करू का?' असे विचारतो. 'हो' म्हणणे म्हणजे शेतावर नांगर फिरवण्यास परवानगी देणे होय.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम डिस्कवर काहीही लिहू नये. शक्य तर जुन्या सर्व्हरमध्ये, जुन्याच क्रमाने बसवून पाहावे. मग संपूर्ण डिस्कची प्रत काढून शोध त्या प्रतीवर घ्यावा. डिस्क खटखट वाजत असेल, तर मात्र ती बंद करून जाणकाराकडे द्यावी. तिथे शेतच खचू लागलेले असते.

वर्गात यासाठी एक प्रयोग करता येईल. चौकटीच्या कागदाची ६४ घरांची पट्टी घ्या. तिचे चार भाग पाडा. प्रत्येक भागाच्या पहिल्या घरात एक खूण आणि भागाची लांबी लिहा. सारणी वेगळ्या कागदावर लिहून लपवा आणि विद्यार्थ्यांना ती पुन्हा तयार करायला सांगा. नंतर 'दोन घरे मिळून एक' असे माप धरून मूळ सारणी वाचायला द्या. नोंद खरी असूनही पत्ता कसा चुकतो, हे त्यांना आपोआप उमगेल.

शाळेच्या संगणकात निकाल आणि दाखले असतात. डिस्क हलवण्यापूर्वी त्यांची प्रत दुसरीकडे घ्यावी, वाटणीची सारणी व सेक्टरचे माप कागदावर छापून घ्यावे आणि प्रत्येक डिस्कवर तिचा क्रमांक चिकटवावा. एवढ्याने नकाशा हरवला, तरी तो पुन्हा काढणे सोपे जाते.