खनाची वचने, मोसमी अंदाज आणि बराकपूरचा ताग

1864 चे चक्रीवादळ आणि 1866 व 1871 सालचे अवर्षण ह्यांच्या पाठोपाठ 1875 मध्ये कलकत्त्यास भारतीय हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफोर्ड ह्यांनी 1882 पासून हिमालयातील हिमाच्या आधारे मोसमी पावसाचे अंदाज वर्तविले. दुष्काळाने धास्तावलेल्या शासनाची ती गरज होती. शेतीशी हवामानशास्त्राचा स्वतंत्र संबंध पुढे जोडला गेला. 1932 मध्ये पुण्यास कृषी-हवामान विभाग सुरू झाला.

बंगाली शेतकऱ्याजवळ मात्र खनाची वचने होती, मराठी शेतकऱ्याजवळ सहदेव-भाडळीची. ह्या दोन्ही परंपरांतील वचन पावसाचे चिन्ह सांगून थांबत नाही. पेरावे की थांबावे, हेही सांगते. भाकीत आणि कृती तेथे एकाच वाक्यात नांदतात.

हा भेद केवळ शैलीचा नव्हे. कलकत्त्यानजीकच्या बराकपूरला तागावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. ताग वैशाखाच्या सुमारास वळिवाच्या ओलीवर पेरतात. कापणीनंतर तो कुजविण्यास साचलेले पाणी लागते. साहजिकच ‘सरासरीइतका पाऊस’ हा हंगामी अंदाज खरा ठरूनही पीक वाया जाऊ शकते. पाऊस किती, याइतकेच तो केव्हा, हेही शेतकऱ्याला हवे असते.

खनाची जीभ छाटली गेली, अशी आख्यायिका आहे. आधुनिक अंदाजाला आकडे लाभले. पण शेतकऱ्याच्या बोलीत निर्णय सांगणारी जीभ त्याला लाभल्यावाचून तो त्या वचनांचा वारस ठरणार नाही.